कपाटाची किल्ली विद्यार्थ्यांच्या हाती

नमस्कार. पत्रिकेत आजचा विषय "विद्यापीठाच्या इमारतीतल्या जुन्या वस्तू आणि विद्यार्थ्यांनी केलेली त्यांची मांडणी" असा छापला आहे. संयोजकांनी मला बजावलंय की पेटी कशी निवडायची, उजेड किती ठेवायचा, लेबल कसं लिहायचं, सगळं पद्धतशीर सांगा. शब्द दिलाय, तेव्हा सांगणारच आहे. पण आधी एका कपाटाबद्दल बोलायचंय. त्या कपाटाचा प्रश्न सुटल्याशिवाय उजेडाबिजेडापर्यंत कोणी पोचतच नाही.

हे कपाट तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. जिथे शिकलात तिथे, जिन्याच्या वळणावर किंवा विभागप्रमुखांच्या खोलीबाहेर ते होतं. सरकत्या काचा, मधे एक छोटं कुलूप. आत पितळेची दोन-तीन यंत्रं, एक तडा गेलेली काचेची नळी, एखादा करंडक, जो तिथे का आहे हे कोणी विचारत नाही, आणि टाईप केलेली, पिवळी पडलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर काय असतं? "सूक्ष्मदर्शक. देणगी: अमुक अमुक." देणगीदाराचं नाव वस्तूच्या नावापेक्षा मोठं. यातून कोणी काय पाहिलं, हे यंत्र कोणाच्या हाताखाली झिजलं, याबद्दल एक अक्षर नाही. हसताय, म्हणजे ओळख पटली. आता हात वर करा पाहू, ते कपाट उघडलेलं कोणी पाहिलंय? हं. एवढ्या मोठ्या सभागृहात मोजके हात. मागून एक बाई म्हणतायत, आत उंदीर मेला होता म्हणून उघडलं होतं. चला, निदान उंदरामुळे तरी!

माझं मूळ म्हणणं एका वाक्यात मांडते, म्हणजे नंतर वेळ कमी पडला तरी ते राहून जाणार नाही. या कपाटाची किल्ली विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी आणि दरवर्षी नव्या तुकडीकडे ती सोपवावी. मांडणी त्यांनी करावी आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनी ती मोडून पुन्हा करावी. वस्तू जपण्याचा आणि शिकवण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही.

आता तक्रार. ती बरेच दिवस मनात आहे, आज ऐकूनच घ्या.

मी एका विद्यापीठात शिकवत होते. नाव सांगत नाही, कारण हे एकाच ठिकाणचं दुखणं नाही. दुसऱ्या वर्षाच्या काही मुलामुलींनी ठरवलं की प्रकल्प म्हणून विभागातलं जुनं कपाट नीट मांडायचं. रीतसर अर्ज केला. बरेच दिवस उत्तर नाही. मग उत्तर आलं की किल्ली कोणाकडे आहे याची नोंद मिळत नाही. आम्ही डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे विभागाच्या टिकाऊ सामानाची नोंदवही, काढलं. त्यात सगळ्या वस्तू होत्या, क्रमांकासकट, सुंदर अक्षरात. ताबा होता प्रयोगशाळेतल्या एका सहायकांच्या नावावर. ते केव्हाच निवृत्त झाले होते आणि जाताना हस्तांतरण झालेलंच नव्हतं. म्हणजे जो कोणी ते कुलूप उघडेल, त्याच्या अंगावर सगळ्या वस्तूंची जबाबदारी येणार. एखादं भिंग कमी भरलं तर उत्तर त्यानेच द्यायचं. मग उघडणार कोण? किल्ली टेबलाच्या खणातच निघाली, पण ती सापडू नये अशीच सगळ्यांची सोय होती.

पुढे ऐका. त्याच सत्रात मागच्या खोलीतल्या सामानाचं निर्लेखन झालं, म्हणजे ते निकामी ठरवून नोंदीतून काढलं गेलं. तिथे तराजू होते, वीजप्रवाह मोजायचे गॅल्व्हॅनोमीटर होते, लाकडी पेट्यांमधले प्रतिरोध होते. समिती बसली, "वापरण्यायोग्य नाही" असा शेरा पडला, आणि पितळ वजनावर गेलं. ज्या यंत्रांवर पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी प्रॅक्टिकल्स केली, ती किलोच्या भावाने गेली. आणि वर्धापनदिन आला तेव्हा बाहेरच्या सजावटवाल्यांना बोलावून त्याच व्हरांड्यात चकचकीत फलक लावले. फलकांवर जुन्या वैज्ञानिक उपकरणांची चित्रं होती, इंटरनेटवरून उतरवलेली. खरं उपकरण चार पावलांवर कुलपात होतं. हे सांगताना मला आजही राग येतो, आणि तो येऊ द्यायला मला संकोच वाटत नाही.

मुलांना नकार देताना जे कारण दिलं गेलं ते तुम्हीही ऐकलं असेल: "विद्यार्थ्यांच्या हाती दिलं तर फुटेल." अहो, ही वस्तू विद्यार्थ्यांच्या हातात देण्यासाठीच विकत घेतली होती! संग्रहालयातली वस्तू राजवाड्यातून, देवळातून, उत्खननातून येते. विद्यापीठाच्या इमारतीतली वस्तू बहुतेक वेळा वर्गातून येते. हार्वर्डमध्ये काचेची फुलं आहेत. लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी १८८६ पासून १९३६ पर्यंत ती घडवली. आज लोक ती कलाकृती म्हणून पाहायला जातात. करून घेतली होती वनस्पतिशास्त्र शिकवायला, कारण वाळवलेल्या फुलाचा आकार आणि रंग दोन्ही जातात. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाची गोष्ट तर मला फार आवडते. १८८४ मध्ये जनरल पिट-रिव्हर्स यांनी आपला प्रचंड संग्रह विद्यापीठाला दिला, पण अट घातली की मानववंशशास्त्र शिकवणारा व्याख्याता नेमला पाहिजे. एडवर्ड टायलर नेमले गेले. देणगीदार असावा तर असा! नाव मोठ्या अक्षरात लिहा असं म्हणाला नाही, शिकवायला माणूस ठेवा म्हणाला.

आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. काहींना ती ठाऊक असेल, तरी ऐका, कारण ती नेहमी विज्ञानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि मला ती मांडणीची गोष्ट वाटते.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२७ मध्ये त्यांनी पिच, म्हणजे डांबराच्या जातीचा काळा पदार्थ, तापवून काचेच्या नरसाळ्यात ओतला. नरसाळ्याचं तोंड बंद होतं. पिच हातोडीने ठोकलं तर काचेसारखं फुटतं. पार्नेलना मुलांना दाखवायचं होतं की हा घनासारखा वाटणारा पदार्थ वाहतो. तीन वर्षं त्यांनी ते स्थिर होऊ दिलं आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं. पहिला थेंब पडला १९३८ च्या शेवटी. दुसरा १९४७ मध्ये. पुढच्याच वर्षी पार्नेल गेले. सगळा प्रयोग वर्गात दाखवण्यासाठी मांडलेला आणि पहिल्या दोन थेंबांत प्राध्यापकांचं आयुष्य संपलं.

आणि मग ते नरसाळं कुठे गेलं? बरोबर. कपाटात. १९६१ मध्ये जॉन मेनस्टोन नावाचे तरुण भौतिकशास्त्रज्ञ तिथे रुजू झाले तेव्हा कोणीतरी त्यांना ते दाखवलं. ते बाहेर मांडावं म्हणून मेनस्टोन मागे लागले. विभागाला त्यात रस नव्हता. लोकांच्या नजरेत यायला त्याला आणखी बरीच वर्षं वाट पाहावी लागली. शेवटी ते इमारतीच्या दर्शनी भागात, काचेच्या घुमटाखाली आलं, आणि येणारीजाणारी मुलं त्याच्याकडे बघू लागली. मेनस्टोन यांनी ते आयुष्यभर सांभाळलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एकही थेंब पडला नाही! १९८८ मध्ये ब्रिस्बेनच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं होतं. थेंब आता पडणार, आता पडणार, अशी स्थिती. मेनस्टोन काही मिनिटांसाठी बाहेर गेले आणि तेवढ्यात पडला. २००० मध्ये कॅमेरा लावला होता, तो नेमका त्या वेळी बिघडला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये मेनस्टोन वारले, आणि नववा थेंब २०१४ च्या एप्रिलमध्ये आला. मधे २००५ साली पार्नेल आणि मेनस्टोन यांना इग नोबेल मिळालं. लोक आधी हसतात आणि मग विचारात पडतात, अशा कामाला ते देतात.

आणखी एक तपशील सांगते, इमारतींची देखभाल करणाऱ्यांनी तो लिहून घ्यावा. इमारतीत वातानुकूलन आल्यावर थेंब पडायला आणखी वेळ लागू लागला. म्हणजे ती वस्तू इमारतीचं हवामान स्वतःच्या अंगावर नोंदवत होती. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्येही असाच प्रयोग १९४४ पासून होता. तोही फळीवर पडून होता, धुळीत. कोणीतरी त्याच्याकडे पुन्हा लक्ष दिलं, कॅमेरा लावला आणि २०१३ च्या जुलैमध्ये थेंब पडताना चित्रित झाला.

मी याला मांडणीची गोष्ट म्हणते, कारण कपाटात असतानाही पिच वाहतच होतं. प्रयोग बंद पडला नव्हता, फक्त त्याला बघणारं कोणी नव्हतं. बाहेर आल्यावर पदार्थात काडीचा बदल झाला नाही, पण तो पुन्हा शिकवू लागला.

आणि इथे विद्यापीठाची इमारत संग्रहालयापेक्षा वेगळी पडते. संग्रहालयात माणूस तिकीट काढून येतो, एकदा येतो, बघायला म्हणून येतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रासमोर किती वेळ थांबतात हे मोजलं गेलं होतं. २००१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी सत्तावीस सेकंद, आणि निम्मे लोक सतरा सेकंदांच्या आत पुढे गेलेले. ही मेहनतीने आलेल्या प्रेक्षकांची गत! आपल्या व्हरांड्यातला माणूस तर बघायला आलेलाच नाही. त्याला तासाला उशीर झालाय. पण तोच माणूस उद्या पुन्हा येणार आहे. परवा येणार आहे. तीन वर्षं, चार वर्षं, त्याच पेटीसमोरून. जगातल्या कुठल्याही मोठ्या संग्रहालयाला असा प्रेक्षक मिळत नाही. क्वीन्सलंडच्या पिचला तो मिळाला. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात बेव्हर्ली यांचं १८६४ चं घड्याळ आहे. त्याला किल्ली द्यावी लागत नाही. हवेचं तापमान आणि दाब बदलतो, पेटीतली हवा फुगते-आकसते, वजन थोडं वर चढतं आणि घड्याळ चालतं. तापमान पुरेसं बदललं नाही तर ते थांबतं. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत १८४० पासून एक विजेची घंटा वाजतेय, दुहेरी काचेआड, आवाज बाहेर येत नाही. आतल्या विद्युतघटात नेमकं काय आहे हे कळत नाही, कारण उघडलं तर प्रयोगच संपेल. तिन्ही वस्तूंमध्ये एक गोष्ट सारखी आहे. रोज जाणाऱ्याला त्यांच्यात काहीतरी पुढे सरकलेलं दिसू शकतं.

म्हणून माझा आग्रह. व्हरांड्यातली मांडणी एकदा येणाऱ्यासाठी करू नका, शेकडो वेळा जाणाऱ्यासाठी करा. आणि शेकडो वेळा जाणारा कोण? विद्यार्थी. तो कुठे थांबतो, कुठे कंटाळतो, कुठे परीक्षेआधी घाबरून उभा राहतो, हे त्याच्याइतकं कोणत्याही सजावटकाराला कळणार नाही.

त्या मुलांचं पुढे काय झालं ते सांगते. कपाट उघडलं नाहीच, पण निर्लेखनाच्या ढिगातून एक केमिकल बॅलन्स, म्हणजे प्रयोगशाळेतला नाजूक तराजू, आणि त्याची वजनपेटी त्यांनी वाचवली. एका प्राध्यापकांनी स्वतःच्या सहीने ती ताब्यात घेतली, त्यांचे उपकार. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना हा तराजू आठवत असेल. श्वासाचा झोत लागू नये म्हणून काचेची पेटी, दांडी टेकायला अकीकाची धार, वजन ठेवण्याआधी दांडी खाली उतरवायची कळ. वजनं बोटांनी उचलायची नाहीत, बोटांचा तेलकटपणा वजनात भर घालतो. मिलिग्रॅमची वजनं म्हणजे पत्र्याचे चिमुकले तुकडे, एक कोपरा वर वळवलेला, चिमट्यात धरता यावा म्हणून.

मुलांची पहिली योजना ऐकाल तर चक्रावाल. तराजूचा इतिहास प्राचीन काळापासून, तीन फलक, कालरेषा, मापनपद्धती, मेट्रिक करार, शास्त्रज्ञांचे फोटो. मी काही बोलले नाही. त्यांना म्हटलं, वस्तू आधी दोन तास नुसती बघा, मोबाईल बाहेर ठेवा आणि जे दिसेल ते लिहा. दुसऱ्या तासात एका मुलीच्या लक्षात आलं की वजनपेटीतलं वीस मिलिग्रॅमचं वजन बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. ते हाताने कापलेलं होतं. कारखान्यातलं वजन कधीतरी हरवलं होतं आणि कोणीतरी ॲल्युमिनियमचा पत्रा कापून त्यावर सुईने २० कोरलं होतं. मुलं ते घेऊन इलेक्ट्रॉनिक तराजूकडे धावली. त्या दिवशी तीन फलक, कालरेषा आणि शास्त्रज्ञांचे फोटो एका झटक्यात रद्द झाले. लेबल झालं ते असं:

"या पेटीतलं वीस मिलिग्रॅमचं वजन कधीतरी हरवलं. कोणीतरी पत्रा कापून नवं बनवलं आणि सुईने त्यावर २० कोरलं. आम्ही ते आजच्या तराजूवर ठेवलं. साडेएकवीस भरलं. या वजनावर किती जणांची प्रॅक्टिकल्स झाली असतील?"

बस. मेट्रिक कराराचं नाव नाही. पण समोरून जाणारा प्रत्येक विज्ञानाचा विद्यार्थी तिथे थबकायचा, कारण त्याचंही उत्तर कधीतरी दीड मिलिग्रॅमने चुकलेलं असतं. एक सेवानिवृत्त सर तर म्हणाले, "माझे गुण यामुळेच गेले!" आणि दर सोमवारी ही मुलं पेटी उघडून डाव्या पारड्यात काहीतरी नवं ठेवायची. एकदा कोरा कागदाचा चिटोरा ठेवला, पुढच्या सोमवारी त्याच चिटोऱ्यावर पेन्सिलने सही करून ठेवला. वाढ किती, ओळखा. खाली चिठ्ठ्या टाकायला डबा. आता विचार करा, हे सोमवारचं उघडणं किल्ली कार्यालयात असती तर झालं असतं का? दर आठवड्याला अर्ज?

कोणीतरी म्हणेल, ही काही खरी संग्रहालयातली वस्तू नव्हे. ज्यांच्याकडे लहान आणि सामान्य वस्तू आहेत त्यांना युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या ग्रँट संग्रहालयाचं उदाहरण देते. प्राणिशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइड्स तिथे शिकवण्यासाठी केल्या होत्या आणि पडून होत्या. २०१३ मध्ये त्यांनी एका अडगळीच्या छोट्या खोलीच्या भिंतींना मागून उजेड दिला आणि दोन हजारांहून जास्त स्लाइड्स जमिनीपासून छतापर्यंत लावल्या. आता लोक त्या खोलीत उभं राहून फोटो काढतात. संग्रहालयांत मोठे प्राणी मांडले जातात आणि प्राणिसृष्टी तर बहुतांशी बारीक जिवांची आहे, हा मुद्दा त्या खोलीने एकही व्याख्यान न देता मांडला.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. आणि संयोजकांच्या डोळ्यांवरून दिसतंय की तीही उदारपणे दिलेली आहेत. तेव्हा पद्धत आता भरभर.

पहिलं, वस्तू निवडण्याआधी व्हरांड्यात उभं राहा. लोक कुठे थांबतात ते बघा. लिफ्टसमोर, सूचनाफलकापाशी, तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर. पेटी तिथे न्या. जिथे गर्दीच्या वेळी धक्के लागतात आणि आग लागली तर बाहेर पडायची वाट आहे, तिथे नको.

वस्तू एक किंवा फार तर तीन. मुलांना वगळणं जड जातं, पण शिकणं त्यातच आहे. निवडण्याआधी धोका तपासा. जुन्या वायुदाबमापकात पारा असतो. चमकणाऱ्या तबकडीच्या घड्याळात रेडियम असू शकतं. भुसा भरलेल्या जुन्या पक्ष्या-प्राण्यांच्या कातड्याला आर्सेनिक लावलेलं असायचं. अशा वस्तूंना माहीतगार माणसाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. जीवशास्त्र आणि वैद्यक विभागांत माणसाचे सांगाडे असतात. ते कोणाचे होते, कसे आले, हे न विचारता मांडू नका. पिट रिव्हर्सनेच २०२० मध्ये मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले, हे लक्षात ठेवा.

पितळ घासून चकाकवायचा मोह आवरा. घासताना धातू जातो, आणि त्याबरोबर बोटांच्या झिजेच्या, दुरुस्तीच्या खुणाही जातात. त्या वीस मिलिग्रॅमवरची सुईची रेघ कोणी घासून काढली असती तर आमच्याकडे मांडायला काहीच उरलं नसतं.

उजेड. कागद, कापड, जलरंग, छायाचित्रं यांना पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास, त्याहून जास्त नको. उजेडाचं नुकसान साठत जातं, रात्री दिवा बंद केला म्हणून झालेलं भरून येत नाही. खिडकीजवळच्या व्हरांड्यात दुपारी हजारो लक्स असतात, तेव्हा मूळ कागद तिथे ठेवूच नका, चांगली प्रत ठेवा आणि लेबलवर तसं लिहा. निळ्या लोकरीच्या पट्ट्यांचं प्रमाणित कार्ड मिळतं, अर्धं झाकून पेटीत ठेवायचं. उघड्या भागाचा रंग किती उडाला ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. धातू, दगड, काच यांना उजेडाचा त्रास कमी, पण दिवा पेटीच्या आत नको, त्याने आतली हवा तापते.

पेटीचं सामान. इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात. ओक लाकूड, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या), प्लायवूड यांतून आम्ल वाफा निघतात. बंद पेटीत शिसं पांढरं पडतं, शंख-शिंपल्यांवर पांढरी भुकटी येते. लोकरीच्या कापडातून गंधक सुटतं आणि चांदी काळी पडते. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये यासाठी चाचणी काढली. पेटीत वापरायचं सामान चांदी, शिसं आणि तांब्याच्या तुकड्यांसोबत ओलसर बंद नळीत साठ अंशांवर अठ्ठावीस दिवस ठेवायचं आणि धातू बिघडतात का बघायचं. रसायनशास्त्राच्या मुलांनी ही चाचणी स्वतः करावी, पेटीच्या निमित्ताने विभागांची गाठ पडते. सोपा उपाय हवा असेल तर पावडर कोटिंग केलेला धातू, काच, ॲक्रिलिक, पॉलिथिलीनचा फोम आणि आम्लरहित कागद. वस्तूला सेलोटेप, रबरबँड, गोंद अजिबात नको. नोंद क्रमांक दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर.

उंची. उभ्या माणसाची नजर साधारण दीड मीटरवर असते, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाची सव्वा मीटरच्याही खाली. वस्तूचा महत्त्वाचा भाग आणि लेबल दोघांनाही दिसलं पाहिजे. लेबल पेटीच्या तळाशी आडवं ठेवू नका, तिरपं लावा, आणि काचेवर समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडतं का ते सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा बघा.

लेबल पन्नास-साठ शब्दांचं. पहिलं वाक्य असं हवं की डोळे वस्तूकडे वळतील. "हे सूक्ष्मदर्शक आहे" असं लिहू नका, ते दिसतंय. लिहिलेलं मोठ्याने वाचा. मग दुसऱ्या विषयाच्या विद्यार्थ्याला आणि इमारतीच्या रखवालदाराला वाचायला द्या. ते कुठे अडखळतात तिथे खूण करा आणि तेवढंच पुन्हा लिहा. रखवालदारांना जरूर विचारा, कारण पेटीसमोर कोण किती थांबतं हे सगळ्यात जास्त त्यांना ठाऊक असतं. देणगीदाराचं नाव असू द्या, कृतज्ञतेने असू द्या, पण शेवटच्या ओळीत.

पेटीत काहीतरी बदलतं ठेवा. सोमवारचं पारडं, महिन्याला उलटणारं पान, काहीही. आणि मांडणीला शेवटची तारीख ठेवा. वर्ष संपलं की पुढच्या तुकडीने वस्तू बाहेर काढायची, फोटोंशी ताडून तिची अवस्था नोंदवायची आणि आधीच्या मुलांचं लेबल वहीत चिकटवायचं. पाच-सात वर्षांनी त्या वहीत एकाच तराजूबद्दलची पाच-सात वेगवेगळी लेबलं जमतील. ती वहीच एक उत्तम प्रदर्शन होईल.

शिक्षकांसाठी एक. याला गुण द्या. अवांतर उपक्रम म्हणून दिलंत तर मुलं परीक्षेच्या आठवड्यात पेटी अर्धवट सोडून जातील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. वर्षभराच्या प्रकल्पाइतकं हे काम आहे. वस्तूचं निरीक्षण, रजिस्टरमधला शोध, रसायन, मोजमाप, सुतारकाम, भाषा, सगळं यात येतं.

आता किल्लीचं. ताब्याच्या भीतीवर उपाय आहे आणि तो कागदी आहे. ताबा एका सहायकाच्या नावावर ठेवू नका. विभागाच्या नावावर ठेवा, सोबत एक शिक्षक आणि विद्यार्थ्यांपैकी दोन प्रतिनिधी. किल्लीची वही, त्यात उघडल्याची तारीख, वेळ, दोघांच्या सह्या. एकट्याने उघडायचं नाही. वस्तूंचे फोटो आधी आणि नंतर. वर्षाच्या शेवटी हस्तांतरणाचा एक पानी कागद, आणि तो झाल्याशिवाय जुन्या प्रतिनिधींचे प्रकल्पाचे गुण जाहीर करायचे नाहीत. निर्लेखन समितीत एक विद्यार्थी आणि इतिहासाचा एक शिक्षक असावा, म्हणजे "वापरण्यायोग्य नाही" असं लिहिण्याआधी कोणीतरी विचारेल की कशासाठी वापरण्यायोग्य नाही. या सगळ्याचा एक मसुदा मी लिहून आणलाय. बाहेरच्या टेबलावर प्रती ठेवल्यात. विभागाचं नाव आणि सह्यांची जागा मोकळी सोडलीय. उद्याच भरून विभागप्रमुखांकडे न्या, आणि कोणाला नकार मिळाला तर त्यावरचा शेरा मला पाठवा, कारण कुठल्या कलमावर अडतंय ते कळलं तर मसुदा सुधारता येईल. आता प्रश्न घेऊ. उंदीरवाल्या बाई, तुमचा हात आधी वर होता.